ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनी आहे. मधल्या दिवसांचं काय करायचं?

रंकाळाकाठ (सोमवार, रात्री ९.४०)
कॅन्सरचं निदान होतं, सर्जन ऑपरेशन सांगतात आणि तारीख मिळते तीन-चार आठवड्यांनंतरची. तपासण्या, योजनेची मंजुरी, भूलतज्ज्ञांची भेट, रक्ताची सोय यात ते दिवस निघून जातात. पेशंट मात्र बहुतेक घरांत पलंगावर. 'दगदग नको, ताकद राखून ठेवा' असं सगळे सांगतात. ताकद काय कणगीत भरून ठेवता येते होय?

बाहेरच्या देशांत याच दिवसांसाठी 'प्रीहॅबिलिटेशन' नावाचा रीतसर कार्यक्रम असतो. व्यायाम, आहार, श्वसन, व्यसनमुक्ती, मनाची तयारी असं सगळं त्यात येतं. प्रश्न तीन आहेत. त्याने खरंच फरक पडतो का? तीन आठवड्यांत साधतं किती? आणि जिम नाही, फिजिओ रोज परवडत नाही, अशा कोल्हापुरातल्या घरात ते करायचं कसं?

चर्चेपुरता एक नमुना पेशंट धरू: वय ६४, वजन ६० किलो, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, मधुमेह, तंबाखूची सवय. जाणकारांनी इस्कटून सांगावं.

मंगळवारपेठी (सोमवार, रात्री ९.५५)
याला मराठीत 'पूर्वपुनर्वसन' म्हणू नका म्हणजे झालं. आपल्याकडं पुनर्वसन म्हटलं की धरणग्रस्त आठवतात, आणि ते कधी वेळेत होत नाही.

लालमाती (सोमवार, रात्री १०.१०)
शब्द तालमीत तयार आहे की. मेहनत. खासबागेत कुस्ती ठरली की पैलवान मैदानाच्या आदल्या महिनाभर पलंगावर पडून ताकद राखतो का? जोर-बैठका आणि खुराक चालूच असतो. ऑपरेशन ही कुस्तीच धरा.

भूलवाला (सोमवार, रात्री ११.२०)
लालमाती, उपमा चपखल आहे. मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस शरीराची ऑक्सिजनची मागणी वाढलेली असते. जखम भरणं, सूज, ताप, दुखणं या सगळ्याला इंधन लागतं. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू ती मागणी पुरवू शकले तर माणूस तरून जातो. ज्याला आधीच जिना चढताना धाप लागते त्याच्याकडे वरखर्चाला काही शिल्लक नसतं. त्यातून न्यूमोनिया, हृदयाची लय बिघडणं, जखम चिघळणं, आणि मग दवाखान्यातला मुक्काम वाढणं.

आता 'पडून राहा' या सल्ल्याबद्दल. २००७ साली अमेरिकेत निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवून मोजमाप केलं गेलं. पायांतला जवळपास १ किलो स्नायू गेला. ही माणसं ठणठणीत होती. कॅन्सर आणि भूक मेलेली असेल तर हिशेब तुम्हीच करा.

फरक पडतो का, याचं उत्तर. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या गटाने २०१४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ७७ पेशंटचा अभ्यास छापला. कार्यक्रम दोन्ही गटांना सारखाच, फक्त एका गटाने तो ऑपरेशनच्या ४ आठवडे आधी सुरू केला आणि दुसऱ्याने ऑपरेशननंतर. ८ आठवड्यांनी चालण्याची क्षमता मूळ पातळीला किंवा तिच्या वर आलेले पेशंट पहिल्या गटात ८४ टक्के, दुसऱ्यात ६२ टक्के. पुढे २०२३ मध्ये अनेक देशांत मिळून झालेला २५१ पेशंटचा अभ्यास आला. त्यात गंभीर गुंतागुंत १७.१ टक्के विरुद्ध २९.७ टक्के.

शंकासूर (मंगळवार, सकाळी ७.३०)
भूलवालेसाहेब, नाण्याची दुसरी बाजूही टाका. त्याच मॉन्ट्रियलच्या गटाचा २०२० चा अभ्यास फक्त अशक्त, वयस्कर पेशंटवर होता. त्यात ३० दिवसांतल्या गुंतागुंतीत काहीच फरक निघाला नाही. आणि २०१४ च्या अभ्यासातही चालणं सुधारलं, पण गुंतागुंत आणि दवाखान्यातले दिवस दोन्ही गटांत सारखेच होते. शिवाय अशा प्रयोगात कोण व्यायाम करतंय हे पेशंटपासून लपवता येत नाही. 'व्यायाम केला की गुंतागुंत निम्मी' असं छातीठोक सांगत सुटू नये.

भूलवाला (मंगळवार, सकाळी ८.०५)
मान्य. २०२० च्या अभ्यासातल्या पेशंटना मुळात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि लवकर उठवून चालवण्याची चांगली व्यवस्था मिळाली होती, त्यामुळे आणखी सुधारायला जागा कमी होती असा एक अर्थ लावतात. पण निकाल तो निकाल. दम वाढतो आणि चालणं लवकर पूर्ववत होतं याबद्दल पुरावा बरा आहे. गुंतागुंतीबद्दल तो कॅन्सरचा प्रकार, पेशंट आणि कार्यक्रमाची शिस्त यांवर हलतो.

एक गोष्ट मात्र स्वस्तात मस्त आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला २०१८ चा अभ्यास, पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनचे ४४१ पेशंट. ऑपरेशनआधी फिजिओने एकदाच अर्धा तास बसून 'शुद्धीवर आल्यावर तासातासाला खोल श्वास कसा घ्यायचा आणि का' हे शिकवलं. छातीची गुंतागुंत २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली. ना यंत्र, ना गोळी.

मंगळवारपेठी (मंगळवार, सकाळी ८.२०)
अर्धा तास! आपल्याकडं ओपीडीत नंबर लागायलाच तीन तास जातात. त्या रांगेतच बाकावर बसवून शिकवा की.

भूलवाला (मंगळवार, सकाळी ८.२४)
थट्टा नाही, खरंच तसं करता येतं. दहा जणांना एकदम शिकवता येतं.

फिजिओताई (मंगळवार, दुपारी ३.१५)
आता करायचं कसं ते सांगते. नमुना पेशंट ६४ वर्षांचा आहे, तर आधी मोजमाप. चाचण्या तीन: दोन घरच्या घरी होतात, तिसरी फिजिओकडे.

पहिली, ६ मिनिटं चालणं. ३० मीटर सपाट, सरळ जागा लागते. सुतळी मोजून दोन टोकांना विटा ठेवा. ६ मिनिटांत जमेल तितकं चालायचं, पळायचं नाही, दम लागला तर थांबायचं पण घड्याळ चालू ठेवायचं. फेऱ्या मोजून मीटर लिहायचे. पुढच्या मोजणीत २० मीटरचा फरक पडला तर तो खरा फरक धरतात, ५-१० मीटर म्हणजे रोजचं वर-खाली. सोबतच्याने शेजारून चालायचं नाही, कारण मग पेशंट त्याच्या चालीने चालतो.

दुसरी, हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. तिसरी, मुठीची पकड. याला डायनॅमोमीटर लागतो, फिजिओच्या दवाखान्यात असतो. आशियाई निकषांनुसार पुरुषांत २८ किलोच्या आणि बायकांत १८ किलोच्या खाली म्हणजे स्नायू कमकुवत.

चालणं, आठवड्यातून ५ दिवस:
पहिला आठवडा: २ मिनिटं झपझप, २ मिनिटं सावकाश, अशा ५ फेऱ्या. एकूण २० मिनिटं.
दुसरा: ३ मिनिटं झपझप, २ सावकाश, ५ फेऱ्या. २५ मिनिटं.
तिसरा: ३ झपझप, १ सावकाश, ७ फेऱ्या. २८ मिनिटं.

झपझप म्हणजे किती? शून्य ते दहाच्या मापात दम ५-६ वर यायला हवा. बोलता येतं, पण वाक्य मध्येच तुटतं. गाणं म्हणता आलं तर वेग कमी आहे. नाडी मोजून वेग ठरवू नका, कारण बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची) गोळी चालू असेल तर नाडी चढतच नाही आणि माणूस उगाच जास्त ताणतो.

ताकद, आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणं, आणि १ लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन कोपरातून हात वाकवणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, ३ फेऱ्या. खांदे मागे ओढायला रबरी पट्टा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज १५ होत असतील तर बाटलीऐवजी पिशवीत दोन किलो तांदूळ.

चुका नेहमीच्याच: खुर्ची भिंतीला न टेकवता ठेवणं (सरकते आणि माणूस पडतो), उठताना श्वास कोंडणं, गुडघे आत वळणं. उठताना श्वास सोडायचा. आणि लालमाती, पैलवानी जोर-सपाट्या इथे नकोत. पोटात गाठ किंवा हर्निया असताना श्वास कोंडून जोर मारला की पोटावरचा दाब वाढतो.

लालमाती (मंगळवार, दुपारी ३.४०)
ताई, वस्तादपण पहिल्या दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही. ऐकतो.

कावळानाका (मंगळवार, सायंकाळी ५.००)
रंकाळ्यावर रोज चालणारे बरेच असतात, पण चाल बघा. गप्पांचा फड जमवून संथ चालायचं, मग भडंगाची पुडी. हे ताईंच्या मापात कुठं बसतं?

फिजिओताई (मंगळवार, सायंकाळी ५.२०)
२ वर. मनाला बरं, फुप्फुसांना फारसं नाही. भडंगातल्या शेंगदाण्यांचं काय ते आहारवाले सांगतील. जुलै-ऑगस्टच्या पावसात बाहेर पडता येत नसेल तर घराच्या पॅसेजमध्ये १० मीटर पुरतात. वळणं जास्त होतात म्हणून वेग थोडा कमी पडतो, वेळ तोच ठेवा. ओल्या शहाबादी फरशीवर चपला घालून नको, मागे पट्टा असलेले बूट हवेत.

कागलकर (मंगळवार, सायंकाळी ६.१०)
व्यायाम कुणी करू नये तेही लिहा. वाचून लोक लगेच सुरू करतात.

भूलवाला (मंगळवार, रात्री १०.३०)
महत्त्वाचं आहे. कॅन्सर मणक्यात किंवा मांडीच्या हाडात पसरला असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय वजन उचलणं नाही, हाड मोडू शकतं. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर ताकदीचे व्यायाम बंद. ताप, छातीत दुखणं, एका पायाला अचानक सूज आणि पोटरी दुखणं (शिरेत गुठळी असू शकते), चालताना चक्कर, यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून आधी दाखवा. आतड्याच्या पेशंटला पोट फुगणं, उलट्या आणि वारा सरणं बंद झालं तर ती आतडं अडल्याची खूण आहे. तेव्हा धागा वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

इन्शुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालण्याआधी साखर बघावी. १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन घ्या. खिशात साखरेची पुडी ठेवाच.

ताटवाटी (बुधवार, सकाळी ११.००)
आहारावर लिहिते. व्यायाम करवून घेतला आणि ताटात प्रथिनं नसली तर शरीर स्नायूच मोडून खातं. माप: दर किलो वजनाला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. ६० किलोला १.५ ने ९० ग्रॅम. आपल्या नेहमीच्या भात-आमटीच्या ताटात याच्या निम्मंही जमत नाही.

९० कसे होतात बघा. सकाळी २ अंडी (१२) आणि पाव लिटर दूध (८). दुपारी ज्वारीच्या २ भाकरी (१२), घट्ट वरणाची वाटी (७), मटकीची उसळ (७), वाटीभर दही (५). दुपारी चारला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे (७). रात्री बिनहाडाचं शिजलेलं चिकन १०० ग्रॅम (२५) आणि एक भाकरी (६). बेरीज ८९. शाकाहारी असाल तर चिकनच्या जागी ५० ग्रॅम कोरडे सोयाचे तुकडे भिजवून, तेवढेच २५ होतात. पनीर घेतलं तर १०० ग्रॅमला १८ धरा.

प्रथिनं एकाच जेवणात ओतू नका. उतारवयात स्नायू बांधायला एका वेळी २५-३० ग्रॅम लागतात, म्हणून तीन वेळांत विभागा आणि एक वाटा व्यायामानंतरच्या तासाभरात येऊ द्या. भूक नसेल तर पोळी-भात शेवटी, अंडं-पनीर आधी. लोक उलटं करतात: भाताने पोट भरतं आणि वाटी तशीच राहते.

पांढरारस्सा (बुधवार, सकाळी ११.१२)
तांबडा-पांढरा दोन-दोन वाट्या ओरपला तर ९० होतील का हो?

ताटवाटी (बुधवार, सकाळी ११.३०)
रश्श्यात फार थोडी. प्रथिनं मटणाच्या फोडीत आहेत. आपल्याकडे आजाऱ्याला 'नुसता रस्सा दे, पचायला हलका' म्हणून पाणी देतात आणि फोडी बाकीचे खातात. उलट करा. तिखट सोसत नसेल तर अळणी मटण, बारीक करून.

उपवासाचंही तसंच. घरात कॅन्सर निघाला की उपवास वाढतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. नवरात्राचे नऊ दिवस ऑपरेशनच्या आधी येत असतील तर अंबाबाईला हात जोडून उपवास घरातल्या दुसऱ्या कुणी धरावा.

कागलकर (बुधवार, दुपारी १२.०५)
@ताटवाटी, नमुना पेशंटला आतड्याचा कॅन्सर आहे आणि तुम्ही मटकीची उसळ दिलीत. गाठीने आतडं अरुंद झालं असेल तर सालीची कडधान्यं तिथंच अडकतील.

ताटवाटी (बुधवार, दुपारी १२.४०)
बरोबर पकडलंत. सर्जननी 'आतडं अरुंद आहे' असं सांगितलं असेल तर उसळ, सालासकटचे शेंगदाणे, कोबी, मक्याचं कणीस, ज्वारीची भाकरी हे सगळं बाजूला. त्याऐवजी मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, मऊ भात, अंडी, पनीर, दही, वाटलेलं चिकन. शेंगदाण्याच्या जागी डॉक्टरांना विचारून प्रथिनांची पावडर: दुधापासूनची असेल तर एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम. डब्यावरचा आकडा वाचा, काही 'शक्तिवर्धक' डब्यांत साखरच जास्त असते.

दुसरी सावधगिरी. ज्याने आठ-दहा दिवस जवळपास काहीच खाल्लेलं नाही, त्याला एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा पेशंटला आधी थायमिन, मग थोडं थोडं वाढवत, आणि तेही दवाखान्याच्या देखरेखीखाली.

गंगावेशी (बुधवार, दुपारी २.१०)
आमच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध राहिलं! समोर पिळलेलं, फेसाळतं.

ताटवाटी (बुधवार, दुपारी २.२५)
कट्ट्याचा मान राखून सांगते, कॅन्सरच्या पेशंटला नको. न उकळलेल्या दुधात जंतू असू शकतात आणि केमो झालेली असेल तर पांढऱ्या पेशी कमी असतात. तेच दूध घरी नेऊन उकळा, फेस गेला तरी प्रथिनं जात नाहीत.

गंगावेशी (बुधवार, दुपारी २.२७)
प्रथिनं राहिली, मजा गेली.

शंकासूर (बुधवार, सायंकाळी ७.००)
तंबाखूचं कुणी काढलं नाही. 'ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर छाती आणखी भरते, म्हणून आता सोडू नका' असा सल्ला ऐकू येतो. तो खरा आहे का?

भूलवाला (बुधवार, रात्री १०.१५)
नाही. जुन्या काळी तशी शंका होती, नंतरच्या पुराव्याने ती टिकली नाही. कधीही सोडा, फायदाच. विडी-सिगरेट बंद केल्यावर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो आणि रक्त जास्त ऑक्सिजन वाहू लागतं. जखम आणि छातीवरचा पुरता फायदा मिळायला ४ आठवडे किंवा जास्त लागतात. म्हणून निदानाच्या दिवशीच सुरुवात.

चुना-तंबाखू, गुटखा, मिश्री हेही निकोटिनच. रक्तवाहिन्या आकसतात आणि आतड्याच्या टाक्याला किंवा लावलेल्या मांसाच्या तुकड्याला रक्त कमी पोचतं. मिश्री लावणाऱ्या बायका 'तंबाखू खाता का' म्हटलं की नाही म्हणतात, कारण त्या ती दात घासायला लावतात. प्रश्न मिश्रीचं नाव घेऊनच विचारावा लागतो.

दारूचं मात्र वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद केली तर थरथर, भ्रम, फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या हाताखाली उतरवायची.

रक्त आणि साखरेबद्दल थोडक्यात. हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर कारण शोधून उपचार सुरू करा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा आणि लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. तीन आठवडेच असतील तर बऱ्याचदा शिरेतून लोह देतात. साखरेचा तीन महिन्यांचा आकडा (HbA1c) ८.५ च्या वर असेल तर फिजिशियनकडे आठवड्याच्या आत. नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या मधुमेहाच्या गोळ्या ऑपरेशनच्या ३-४ दिवस आधी बंद कराव्या लागतात. नाहीतर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. ती गोळी चालू आहे हे भूलतज्ज्ञांना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

फिजिओताई (गुरुवार, सकाळी ९.००)
तंबाखू निघालाच आहे तर तोंडाच्या कॅन्सरवाल्यांसाठी. गुटख्याने तोंड आधीच कमी उघडत असतं, ऑपरेशन आणि रेडिएशननंतर ते आणखी मिटतं. आईस्क्रीमच्या लाकडी कांड्या एकावर एक ठेवून वरच्या-खालच्या दातांत बसतात तितक्या मोजा, तोच आकडा वहीत. मग तेवढ्या धरून अर्धा मिनिट ताण, दिवसातून पाच-सहा वेळा. दुखेपर्यंत नाही, ताण जाणवेपर्यंत. गाठीतून रक्त येत असेल तर हे करायचं नाही. मानेच्या गाठी काढल्यावर खांदा खाली ओघळतो, म्हणून हात वर नेण्याचे व्यायाम आधीच शिकून ठेवा. स्तनाच्या ऑपरेशनलाही तेच. आणि दात: रेडिएशन होणार असेल तर किडके दात दोन आठवडे आधी काढून झाले पाहिजेत.

श्वसनाच्या व्यायामाच्या तीन बॉलच्या यंत्राबद्दल. दहातले निम्मे लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं! ओठ नळीभोवती घट्ट, सावकाश श्वास आत, बॉल वर आल्यावर ३ सेकंद धरायचा. तिन्ही बॉल एका झटक्यात उडवण्याची शर्यत लावू नका, संथ आणि खोल ओढलेला श्वास फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. दहा वेळा, मध्ये थांबत. चक्कर आली तर वेग जास्त होतोय. पोटावर उशी घट्ट धरून खोकायचंही आत्ताच शिका, टाके पडल्यावर शिकवलं की पेशंट खोकतच नाही.

कावळानाका (गुरुवार, सकाळी ९.३०)
कपालभाती?

फिजिओताई (गुरुवार, सकाळी ९.३५)
पोटात गाठ, हर्निया, रक्तदाब असेल तर नको. भ्रामरी, संथ अनुलोम-विलोम चालेल. झोपेलाही बरं.

पिशवीवाली (गुरुवार, दुपारी १.००)
आतड्याच्या पेशंटला स्टोमा, म्हणजे पोटावर छिद्र करून शौचासाठी लावलेली पिशवी, येणार असेल तर त्याची तयारीही यातच धरा. जागेची खूण ऑपरेशनआधी करून घ्यायची, टेबलावर आडवं झाल्यावर नाही. उभं, बसलेलं, वाकलेलं असं तिन्ही प्रकारे पोट बघून, घडी पडत नाही अशी जागा, जी पेशंटला स्वतःला दिसेल. येताना रोजचे कपडे घालून या. परकराची नाडी, धोतराचा कासोटा, पँटचा पट्टा जिथे बसतो त्या रेषेवर खूण आली तर पिशवी रोज दाबली जाते आणि गळते. रिकामी पिशवी चिकटवून, तिच्यात थोडं पाणी घालून एक दिवस घरात वावरून बघा. निम्मी भीती तिथेच जाते. भाकरी थापताना खाली बसणाऱ्या बाईला बसूनच खूण करा.

मंगळवारपेठी (गुरुवार, दुपारी १.२०)
वाचनखूण साठवली. परकराच्या नाडीपर्यंत विचार करणाऱ्यांना दंडवत.

कागलकर (गुरुवार, सायंकाळी ६.४५)
एक भीती आहे. हे वाचून कुणी म्हणेल, 'अजून तयारी झाली नाही, ऑपरेशन महिनाभर पुढे ढकला.'

भूलवाला (गुरुवार, रात्री ९.५०)
तसं अजिबात करू नये. २०२० मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात, ऑपरेशन दर ४ आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. मिळालेली तारीख पाळायची, तिच्यापर्यंतचे दिवस वापरायचे. दोन आठवडेच असतील तर श्वसन, प्रथिनं आणि तंबाखू धरा. आठवडाच असेल तर श्वसन आणि तंबाखू. आधी केमो-रेडिएशन असलेल्यांकडे वेळ जास्त असतो, गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशननंतर ऑपरेशनपर्यंत बहुधा ६ ते १२ आठवडे जातात. त्या उपचारांनी दम घटतो. इंग्लंडमध्ये अशा पेशंटना ६ आठवडे व्यायाम दिल्यावर तो पुन्हा पूर्वपदावर आल्याचं दिसलं.

लालमाती (गुरुवार, रात्री १०.००)
आणि घरच्यांना कोण समजावणार? पेशंट चालायला निघाला की चार नातेवाईक आडवे. 'हललं की गाठ पसरते.'

फिजिओताई (गुरुवार, रात्री १०.२०)
चालण्याने गाठ पसरत नाही. त्याच नातेवाइकांना कामाला लावा. एकाने सुतळी धरायची, एकाने घड्याळ, एकाने वहीत आकडे लिहायचे. भेटायला येणाऱ्यांना केळी-बिस्किटांऐवजी अंडी आणायला सांगा.

रंकाळाकाठ (शुक्रवार, सकाळी ७.१५)
सगळ्यांचे आभार. फ्रिजवर चिकटवायला कागद केला आहे: सुतळी ३० मीटर, पट्टा असलेले बूट, वही, तीन बॉलचं यंत्र, ९० ग्रॅमचा हिशेब, गोळ्यांची यादी. शेवटची शंका. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाणीही बंद, असंच बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते तसंच का?

भूलवाला (शुक्रवार, सकाळी ७.५०)
घन पदार्थ आणि दूध ६ तास आधी बंद. पारदर्शक पातळ पदार्थ, म्हणजे पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, साधारणपणे भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालतात. दिवसभर उपाशी-तहानलेला पेशंट टेबलावर आला की रक्तदाब सांभाळायला जड जातो. मधुमेही असेल, जठर रिकामं व्हायला वेळ लागत असेल किंवा आतडं अडलेलं असेल तर नियम वेगळा. तुमच्या भूलतज्ज्ञांचा शब्द अंतिम, आणि यादीत पहिला नंबर आहे की चौथा हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.

पांढरारस्सा (शुक्रवार, सकाळी ८.०२)
ताक?

भूलवाला (शुक्रवार, सकाळी ८.०४)
दुधाचंच. ६ तास.

पांढरारस्सा (शुक्रवार, सकाळी ८.०५)
सोलकढी?

ताटवाटी (शुक्रवार, सकाळी ८.०९)
तिच्यात नारळाचं दूध आहे, म्हणून तीही ६ तास. कोकमाचं पाणी गाळून घेतलं तर २ तासांच्या यादीत बसेल. आणि पांढरा रस्सा विचारायचाच असेल तर तो ऑपरेशननंतर, सर्जन परवानगी देतील तेव्हा, फोडींसकट.